स्वतःला नापास करणारी मास्तरीण

धाकट्या दिराचं तीनदा मोडलेलं लग्न चौथ्या खेपेला एकदाचं लागलं, त्या वर्षी कामगारांचा नवा कायदा आला. लग्नाच्या धांदलीत मास्तरणीच्या घरी कायद्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापणाऱ्या कारखान्यात ती बारा वर्षं पायाच्या पेडलवर चालणाऱ्या प्रेसवर होती आणि नव्या माणसांना काम शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. "आधी हात बाहेर, मग पाय खाली," एवढाच तिचा धडा. पण तो ती असा घोटून घ्यायची, की तिच्या हाताखालून गेलेल्या एकाही माणसाचं बोट अजून प्रेसखाली गेलं नव्हतं.

कागदावर मात्र ती दर वर्षी नवीच असे. ठेकेदाराची रीतच तशी होती. अकरा महिने भरले की माणसाला आठ दिवस घरी बसवायचं आणि नवव्या दिवशी नवा अर्ज, नवा फोटो घेऊन पुन्हा भरती करायचं. म्हणजे तो कायम होत नाही. नव्या माणसाला शिकवल्याशिवाय प्रेसला हात लावू द्यायचा नाही, असाही एक नियम होता आणि कारखान्याचा कारकून नियमाला चिकटून राहणारा होता. त्यामुळे वर्षातून एकदा मास्तरणीला मास्तरणीकडून शिकून घ्यावं लागे.

"अहो, मी मलाच काय शिकवू?" पहिल्या खेपेला तिनं कारकुनाला विचारलं होतं.

"ते तुमचं तुम्ही बघा. तास भरला पाहिजे. शिकवणाऱ्याची सही इकडे, शिकणाऱ्याची तिकडे."

मास्तरीण कुठलंही काम पाट्या टाकल्यासारखं करणारी नव्हती. ती बंद प्रेससमोर उभी राहून स्वतःला विचारायची, "हात कुठं?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, "बाहेर." एका वर्षी ती घाईत मोकळ्या केसांनी आली. तिनं स्वतःला खडसावलं, शिकवणीच्या वहीत लिहिलं, "केस बांधले नव्हते. नापास. उद्या परत," दोन्हीकडे सह्या केल्या आणि घरी निघून गेली.

ठेकेदार दुसऱ्या दिवशी तिच्यावर उखडला. "काल माणूस कमी पडला मला. स्वतःला नापास करणारी बाई जन्मात बघितली नाही मी."

"पास केलं असतं आणि केस यंत्रात गेले असते, तर बोल कुणाला लागला असता? शिकवणारीलाच ना?"

घरी तिच्या सासूबाई होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दिराच्या लग्नात त्यांनी नवरीऐवजी नवरीच्या आत्याच्या डोक्यावर हात ठेवून "लवकर पाळणा हलू दे" असा आशीर्वाद दिला. आत्या साठीला टेकली होती. ती दोन दिवस जेवली नाही. कायम कामगारांच्या घरच्यांचं ऑपरेशन कंपनीच्या दवाखान्यात होत असे. ठेक्यावरच्यांना तिथं साधी पट्टीसुद्धा मिळत नसे, आणि बाहेरचा दवाखाना मास्तरणीच्या आवाक्यातला नव्हता. लग्नानंतर डॉक्टर म्हणाले, "आता आणखी वर्ष काढलंत, तर मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही."

सासूबाई रोज संध्याकाळी विचारत, "काय गं, झालीस का कायम?"

"नाही, आई. परवाच नवीन लागले."

"बारा वर्षं नवीनच? सून म्हणून तर तू आठ दिवसांत जुनी झाली होतीस."

नवा कायदा अठ्ठावन्न पानांचा होता. ठेक्यावर हवी तितकी माणसं घ्या, असं पहिल्या दोन पानांवरच होतं. ठेकेदाराला ते इतकं आवडलं, की पुढची पानं वाचायचं त्याला कारण उरलं नाही. लेबर इन्स्पेक्टर मॅडमनी मात्र पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं. तीन महिन्यांनी त्या कारखान्यात आल्या, शिकवणीची वही उघडली आणि बराच वेळ एकाच पानावर थांबल्या.

"ही नापास कोण झाली?"

"एक नवीन बाई होती," ठेकेदार म्हणाला.

"आणि नापास केलं कुणी?"

"आमची जुनी बाई आहे एक."

"दोन्हीकडे नाव एकच आहे. सहीसुद्धा."

ठेकेदारानं घाम पुसला. "जावा-जावा आहेत, मॅडम. नावं सारखी. एकीनं दुसरीला सही करायला शिकवलं."

"बोलवा दोघींना."

एक जाऊ मास्तरीण होती. दुसरी आणायची कुठून? ठेकेदार धावत कँटीनमध्ये गेला आणि चहावाल्या बाईला एप्रनसकट घेऊन आला. वाटेत त्यानं मास्तरणीला गाठलं. "नवीन आहे म्हणायचं. बारा वर्षं हा शब्द तोंडातून गेला, तर उद्या गेटवरूनच परत जाल." मास्तरीण हात पुसून निघाली. तिच्या डोळ्यांपुढे सासूबाईंचे डोळे होते.

मॅडमनी आधी चहावालीला विचारलं, "प्रेस चालवायच्या आधी काय करायचं?"

"हात धुवायचे," चहावाली म्हणाली. "आणि साखर विचारायची."

एवढ्यात मॅनेजरसाहेब आले. संध्याकाळच्या आत चार ट्रक माल जायचा होता, म्हणून ते घाईत होते. मॅडमनी त्यांच्यापुढे कायद्याचं एकेचाळिसावं पान धरलं.

"धोक्याच्या यंत्रावर शिकवणारा माणूस कंपनीत कायम असावा लागतो. नसेल, तर त्यानं शिकवलेलं धरायचं नाही. सगळ्यांना यंत्रावरून उठवायचं."

"पण ती आमची जुनी बाई आहे," साहेब म्हणाले. "बारा वर्षं शिकवतेय."

"नवीन आहे, साहेब," ठेकेदार कुजबुजला. "मागच्याच महिन्यात लागली."

"अरे, नवीन कशी असेल? मला ओळखते ती."

"ओळख झटकन होते हो तिची."

मॅडम मास्तरणीकडे वळल्या. "तुम्हीच सांगा, बाई. नवीन की जुन्या?"

मास्तरणीनं ठेकेदाराकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं. बारा वर्षं म्हटलं तर नोकरी जाणार होती, आणि नवीन म्हटलं तर डोळे जाणार होते. मग तिला वाटलं, शिकवणाऱ्याचं काम आपण आजवर चोख केलं, ते आजही चोखच करावं.

"कागदावर नवीन आहे, मॅडम," ती म्हणाली. "म्हणजे ही एकशे साठ माणसं न शिकलेली. न शिकलेल्या माणसाला मी यंत्रावर बसू देत नाही."

आणि ती प्रेसखात्याच्या मधोमध जाऊन नेहमीच्या आवाजात म्हणाली, "हात बाहेर. पाय वर."

एकशे साठ पाय पेडलवरून उठले. सगळं खातं असं गप्प झालं, की साहेबांना कारखान्यात भिंतीवरचं घड्याळ आहे हे पहिल्यांदा कळलं. बाहेर एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

"चालू करा," साहेब म्हणाले. कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. एकशे साठ माणसं मास्तरणीकडे बघत बसली.

"बाई, तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी कसं सांगू, साहेब? मी नवीन आहे. नव्या माणसानं पुढं पुढं करू नये."

दुसरा हॉर्न वाजला. साहेब ठेकेदाराकडे वळून म्हणाले, "तुम्हाला अठ्ठावन्न पानं वाचवत नव्हती?" आणि कारकुनाला ओरडले, "पत्र टाइप कर. कायमचं."

"कुठल्या तारखेपासून, साहेब?"

मॅडमनी वही उलटी चाळत पहिल्या पानाशी नेली. "इथली तारीख घाला. आणि साहेब, याच वहीत बाकीच्यांचीही नावं दर वर्षी येतात. ह्या गृहस्थांना तर नऊ वेळा शिकवलंय. एक तर ते फार मठ्ठ असावेत, नाहीतर नऊ वर्षं इथंच असावेत."

"मठ्ठ नाहीये मी," ते गृहस्थ पाय वर धरूनच म्हणाले.

मास्तरणीनं हातात पत्र आल्यावर ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "हात बाहेर. आता पाय खाली." चारही ट्रक वेळेत गेले. महिनाभरात आणखी त्रेचाळीस माणसं कायम झाली, सगळी त्या वहीच्या जोरावर. ठेकेदारानं दुसऱ्या गावी ठेका घेतला. तिथं गेल्यावर त्यानं सगळ्यात आधी शिकवणीची वही बंद केली म्हणतात, आणि पहिल्याच तपासणीत सापडला.

सासूबाईंचे दोन्ही डोळे पंधरा दिवसांच्या अंतरानं झाले. दुसरी पट्टी निघाली तेव्हा त्यांनी सुनेला जवळ बोलावून खालून वर न्याहाळलं.

"अगंबाई, तू किती म्हातारी झालीस," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, मीच झाले."

मग त्यांनी घरभर फिरून बारा वर्षांची कोळिष्टकं एकेक करून दाखवली. ती काढायला मास्तरणीनं रजा घेतली. आयुष्यातली पहिली पगारी रजा.

सासूबाई त्यानंतर नऊ वर्षांनी वारल्या, मोठ्या नातीच्या बाळाच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सातला. त्यांचं वय एक्क्याण्णव होतं.