गुडघेदुखीची साथ

नवऱ्या मुलाने लग्नाआधी गुप्तरोगाची तपासणी करून घ्यावी, एवढीच वधूची अट होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. "मला स्वच्छ दिसतंय म्हणणाऱ्यांचेच नंबर निघतात," ती म्हणाली. "हे रोगही तसेच. त्रास नाही म्हणजे रोग नाही, असं नसतं. मी करून आले. तू ये करून, मग तारीख ठरवू." हा गृहस्थ वजनकाटे दुरुस्त करणारा आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. लगेच निघाला.

दवाखान्याने रुग्णांच्या अब्रूची फार काळजी घेतली होती. संबंधित विभागाच्या दारावर पाटीच लावली नव्हती. साहजिकच प्रत्येकाला पत्ता विचारत फिरावे लागे, आणि पहारेकरी लांबूनच ओरडे, "ते बिनपाटीचं ना? जिन्याखाली!" सगळा व्हरांडा मग माना वळवून बघे.

खिडकीतल्या कारकुनाने खणखणीत आवाजात विचारले, काय होतंय? खरे तर काहीच होत नव्हते. पण रांगेत मागेच होणारे सासरे उभे होते.

"गुडघा," नवरा मुलगा म्हणाला.

सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला. "माझाही," ते पुढे सरसावून म्हणाले.

त्यांच्या मागच्या हेडमास्तरांचाही गुडघाच निघाला. बघता बघता सगळी रांग लंगडू लागली. नियमाप्रमाणे सर्वांच्या गुडघ्यांचे फोटो काढण्यात आले. वरिष्ठांनी आढावा घेतला, तेव्हा गुप्तरोगाचा एकही रुग्ण नाही, असे आढळले. रोगाचे समूळ उच्चाटन झाल्याचे जाहीर करून त्यांनी जिन्याखालची खोली गुडघ्यांना दिली. तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र त्याच राहिल्या.

इकडे वधूने गुडघ्याचा फोटो उजेडात धरून पाहिला. गुडघा उत्तम होता. तिने नवऱ्या मुलाला परत दवाखान्यात नेले आणि भर रांगेत खिडकीशी सांगितले, "यांची गुप्तरोगाची तपासणी करायचीय."

कारकून उठून उभा राहिला. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणीच आले. थोडे रक्त, थोडी लघवी, संपले काम. नवे नाते जुळताना दोघांनी तपासणी करून घ्यावी, त्या म्हणाल्या. संबंध नुकताच आला असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा, कारण लगेच सगळे दिसत नाही. नवऱ्या मुलाच्या तपासणीत एक संसर्ग निघालाच. औषधाने बरा झाला, तशी पुन्हा तपासून खात्री झाली, आणि लग्नाची तारीख ठरली.

लग्नात सासरे शेवटपर्यंत लंगडत होते. लेकीने कितीदा म्हटले, बाबा, तुम्हीही एकदा जाऊन या. ते म्हणाले, त्या वयाचे आम्ही नाही.

तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला पटले. तपासणी मात्र केलेली नाही. आत्ता कोणी मागून डोकावून, काय वाचताय म्हणून विचारले, तर तुम्ही काय सांगणार, तेही मला ठाऊक आहे. कधीपासून दुखतोय तुमचा?