आईचा वाकडा काटा

काट्या-चमच्यांतलं मला कळतं! कुणाच्याही घरी जेवायला गेलो की यजमानांची नजर चुकवून मी आधी काटा उलटा करतो आणि मागचा कारखान्याचा शिक्का वाचतो. डेन्मार्कातल्या आमच्या कोल्डिंग गावात पन्नाशी ओलांडलेले निम्मे लोक हेच करतात, फक्त कबूल करत नाहीत. जुनं डॅनिश स्टेनलेस, आखूड दात, लांब दांडी, अंगावर चकाकी म्हणून नाही... नुसतं बघून मला भूक लागते. तेव्हा आईच्या काट्यांचं काम माझ्यासारख्या जाणकाराच्याच हातून व्हायचं होतं.

आई फेब्रुवारीत गेली. तिचे सहा काटे शाळकरी वयापासून जमवलेले. चर्चमधल्या दीक्षेला तिच्या मावशीनं पहिला दिला, मग दर वाढदिवसाला एकेक, आणि लग्नापर्यंत सेट पुरा! आता बाबा एकटे जेवायचे, आणि बघावं तेव्हा त्यांच्या हातात एकच काटा, कडेचा दात वाकलेला. सरळ काटे ड्रॉवरमध्ये आराम करतायत आणि म्हातारा वाकड्यानं बटाटे टोचतोय! मे महिन्यात आईचा वाढदिवस. त्या दिवशी बाबा, मी आणि धाकटी बहीण लिस्बेट एकत्र जेवणार होतो. त्याआधी सगळे काटे गुपचूप नवे कोरे करून आणायचे, असं मी ठरवलं.

बाबा आत्याकडे गेलेले बघून मी काटे उचलले आणि बंदरावर बोटींचे कठडे घासून देणाऱ्याकडे गेलो.

"दात सरळ कर. ओरखडे काढ."

"चमकवू का?"

"थोडंसं."

थोडंसं! त्या पठ्ठ्यानं असे काटे दिले की त्यात बघून दाढी करावी! जाणकार म्हणून मला ते बघवेनात, पण मुलगा म्हणून वाटलं, बाबांना आवडतील.

बाबांनी परत आल्यावर ड्रॉवर उघडला. एक काटा उचलला, अंगठ्यानं दात चाचपले, ठेवला. दुसरा. तिसरा. सगळे झाले, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू!

"काय शोधताय, बाबा?"

"तिचा काटा. वाकडा होता ना, तो."

"आईचा होता तो?"

"मग! वाकडा पाहुण्यांना कसा द्यायचा, म्हणून जन्मभर स्वतः घेतला तिनं. मी आता त्यानंच जेवतो. म्हणजे... जवळ बसल्यासारखं वाटतं."

"मी तो बंदरावरच्या बोटवाल्याकडून सरळ करून आणला," मी पुटपुटलो.

बाबांनी ड्रॉवर हळूच लोटला. "छान चमकतायत," ते म्हणाले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लिस्बेटला फोन केला.

"प्रेबेन, तू गाढव आहेस!"

"हो गं."

"ते ओरखडे आईच्या हातचे होते! आता यातला एकही काटा तिचा राहिला नाही!"

एवढं बोलून ती रडायलाच लागली. मीही रडलो, पण फोन ठेवल्यावर.

मग मला युक्ती सुचली. एक काटा खिशात घालून घरी नेला, पकडीनं कडेचा दात वाकवला. वाढदिवसाला हळूच टेबलावर ठेवायचा, आणि चुकून राहिला म्हणून सांगायचं!

वाढदिवस उजाडला. पांढरं टेबलक्लॉथ, मधोमध वाढदिवसाचा छोटा झेंडा, काळा पाव, मुरवलेल्या हेरिंग मासळीची बरणी. ताटल्या मात्र चार. चौथी पाहून लिस्बेट खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी खिशात हात घालतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "अरे, आनंदाची बातमी! तिचा काटा सापडला! तो बोटवाला एक विसरला वाटतं!"

त्यांच्या हातात वाकडा काटा! माझा तर माझ्या खिशात होता! एवढ्यात लिस्बेटच्या हातून पर्स पडली आणि तिच्यातून खणकन तिसरा बाहेर आला.

"मी वाकवला," लिस्बेट म्हणाली. "परवा. कपाटाच्या फटीत घालून."

"मीपण," मी माझा टेबलावर ठेवला.

आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. बाबांचे कान लाल झाले होते.

"दाराच्या फटीत घातला," ते म्हणाले. "तुला झोप लागत नाही, असं लिस्बेट सांगत होती. म्हटलं, पोरगं उगाच मनाला लावून घेतंय."

आम्ही हसलो. बाबाही पोट धरून हसले, हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते नुसतेच रडत राहिले. लिस्बेटनं त्यांचा हात धरला. माझ्या हातांना काही उद्योग हवा होता, म्हणून मी बरणी घेतली. झाकण हलेना.

"आई कशानं उघडायची हो?"

"काट्यानं!" बाबा डोळे पुसत ओरडले. "लग्न झाल्यापासून सांगतोय, झाकण काढायची चावी आहे, ती वापर! ऐकेल तर शपथ!"

मी एका सरळ काट्याचा कडेचा दात झाकणाखाली घालून जोर लावला. टक्! झाकण जिथल्या तिथे, आणि दात बाहेरच्या अंगाला कलला!

"गेला! चौथा!" लिस्बेट किंचाळली.

बाबांनी काटा माझ्या हातातून घेतला. दातावरून अंगठा फिरवला, आणि फिरवतच राहिले.

"असाच," ते म्हणाले. "अगदी असाच होता."

मला वाटलं, आता बाबा तो आईच्या ताटलीशी ठेवणार. त्यांनी तिथे सरळ काटा ठेवला, नीट ओळीत, आणि वाकडा स्वतःकडे घेतला.

"आज वाढदिवस आहे तिचा," ते म्हणाले. "आज तरी तिला सरळ मिळू दे."

मग लिस्बेटनं चावी आणली आणि आम्ही जेवायला बसलो. माझ्या वाट्याला माझाच पकडीनं वाकवलेला काटा आला. काही सुचेना, म्हणून सवयीनं उलटा करून मागचा शिक्का बघायला गेलो. पॉलिशमध्ये तोही पुसला गेला होता!