तांड्याचे शॉकअप

गाडीचे चार शॉकअप बदलले की रामलाल राठोडला पंधरा हजार दोनशे रुपये सुटणार होते. हिशेब सरळ होता. फुलसावंगीत खत-बियाण्याचं दुकान चालवणारे किसनराव त्याची तेरा वर्षांची पांढरी गाडी घ्यायला तयार होते. आहे तशी दिली तर एक लाख चाळीस हजार, नवे शॉकअप टाकून दिली तर एक सत्तर. मिस्त्रीने पुढची जोडी सात हजार सहाशे, मागची तीन हजार आठशे, माउंटिंग-बुश सोळाशे आणि मजुरी-अलाइनमेंट अठराशे, असे चौदा हजार आठशे सांगितले. तीस हजारांतून ते वजा केले की नफा हातात.

एक सत्तर हा आकडा रामलालला हवाच होता. पुसदच्या शोरूममध्ये त्याने मालवाहू टेम्पो हेरून ठेवला होता आणि त्यासाठी सुरुवातीला भरायची रक्कम नेमकी तेवढीच होती. या टेम्पोमागे त्याचा मोठा विचार होता. तांड्यात एकट्याकडे गाडी असली की ती सगळ्यांची असते. चावी मागायला आलेल्या भाऊबंदाला भाडं कोणत्या तोंडाने सांगणार? टेम्पोचं तसं नाही. टेम्पो म्हटला की माणूस स्वतःहून विचारतो, किती घेशील?

इतकं सगळं जुळून आलेलं असताना माणसाने निमूट पैसे भरावेत. पण मिस्त्रीने गाडी वर उचलली, खालून बॅटरी मारली आणि तेल गळून, माती चिकटून काळेठिक्कर पडलेले शॉकअप रामलालला दाखवले.

"ह्या गाडीत माणसं नेत होते का कापूस?" त्याने विचारलं.

रामलालचं डोकं सणकलं ते इथे. कारण गाडीत माणसंही गेली होती आणि कापूसही, आणि दोन्ही दुसऱ्यांचे. घरी बायकोने, सोनीबाईने, समजावलं की भरून टाका अन् मोकळे व्हा, नाही तरी वर पंधरा सुटतातच.

"मी कायले भरू? मी दाबले का थे शॉकअप?"

कोणी दाबले याची त्याला घरोघरची माहिती होती. चुलतभाऊ सेवादासने पोरीच्या साखरपुड्याला एका फेरीत अकरा माणसं कोंबून नेली होती. फुलचंदने खताच्या सहा गोण्या डिकीत घालून आणल्या होत्या. बिजलीबाईने सुनेला बाळंतपणासाठी भर पावसात पुसदला पळवलं होतं. प्रत्येकाने गाडीत तेल टाकलं आणि आपण उपकारातून सुटलो असं समजून चावी परत केली. तेल संपतं ते काट्यावर दिसतं. शॉकअप संपतो त्याला काटा नसतो.

रामलाल आधी सेवादासच्या दारात उभा राहिला. तांड्याची एक रीत आहे: घरात बंजाऱ्यांची गोरबोली, हिशेबात हिंदी आणि भांडणात वऱ्हाडी.

"भिया, उड्या मारायले लावल्या रस्त्यानं," सेवादास शांतपणे म्हणाला. "तू ग्रामपंचायतीत जाय."

"अकरा जणं कोणं कोंबले?"

"त्यातले दोघं तुह्याच घरचे होते."

फुलचंदचं म्हणणं आणखी वेगळं होतं. माणसं गाडीत हलतात, डुलतात, त्याने शॉकअप जातात. त्याच्या गोण्या गुमान झोपून आल्या होत्या, त्यांचा काय दोष? बिजलीबाईने तर उलटी वसुली काढली. "माही सून फाट्यावरच मोकळी होत होती तुह्या गाडीत. धक्के आमी खाल्ले अन् पैसे बी आमीच देऊ? नातवाचं नाव शॉकअप ठेवाचं राह्यलं फक्त."

संध्याकाळपर्यंत रामलालचा आवाज बसला होता, पण राग उभाच होता. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे त्याने जाहीर केलं की उद्यापासून कोणाच्या घरी आग लागली तरी चावी मिळणार नाही. त्यावर तांडाही तापला. आपल्याच माणसाने आपल्याला भाडोत्री ठरवावं? शेवटी तांड्याचा प्रमुख, नायक धरमसिंगने बैठक बोलावली.

बैठकीत आधी माणशी हिशेब लागला. लहान पोरांना एसटीसारखं अर्धं तिकीट, इथपर्यंत एकमत झालं. मग फुलचंदने बिजलीबाईच्या सुनेला जाताना एक धरायचं का दोन, असा प्रश्न काढला आणि बिजलीबाईने चप्पल काढली. नायकाने हात वर केला. रामलालचं सोडून तांड्यात सदतीस घरं, घरामागे चारशे. रक्कम चोख चौदा हजार आठशे बसत होती. विषय संपला.

रामलाल घरी आला तो जिंकून. आता नफा पंधरा नाही, अख्खे तीस. सोनीबाई एवढंच म्हणाली की फुकटचं जास्त जड असते. त्याने ऐकलं नाही.

पैसे शिव्यांसकट जमा झाले. सेवादासने तर मुद्दाम दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या. शॉकअप बसले, जुने मिस्त्रीने भंगारात दिले, आणि फुलसावंगीच्या रस्त्यावरचे खड्डे जणू कोणी बुजवल्यासारखी गाडी चालू लागली.

पण तांडाही बदलला. आधी लोक दारात येऊन, घसा खाकरून, 'रामलालभाऊ, गाडी रिकामी हाय का' असं विचारायचे. आता फुलचंद सरळ घरात आला आणि त्याने खिळ्यावरची चावी काढली.

"कुठं चालला?"

"उमरखेडले."

"मले इचारलं?"

"नायकाले इचारलं."

त्याच्यामागे सेवादासने जावई आणले, बिजलीबाईने नातवाला डोस द्यायला नेलं. जाताना ती बजावून गेली की चाकं धुऊन ठेवत जा. रामलालच्या अंगाची लाही झाली. त्याने किसनरावांना फोन लावला आणि रोख घेऊन आजच या म्हणून सांगितलं.

किसनराव आले. त्यांनी नाल्यावरून गाडी फिरवून आणली आणि खुशीत बोनटवर थाप मारली. एव्हाना अर्धा तांडा जमला होता. नायक पुढे झाला.

"किसनराव, गाडी घेऊन जा. शॉकअप ठेवून जा."

"म्हंजे?"

"गाडी रामलालची, शॉकअप वर्गणीचे. तांड्याचा नगारा वर्गणीचा, मोठी कढई वर्गणीची. एकट्याले इकता येते का थे?"

रामलालचा संताप शिगेला गेला. तो ओरडला की घ्या तुमचे चौदा हजार आठशे अन् सोडा माहा पिच्छा. नायक न्यायी माणूस. त्याने मान डोलावलीही होती. तिथेच मिटलं असतं. पण किसनराव सरळ मनाचे, आणि सरळ मनाच्या माणसाला गप्प बसणं जमत नाही.

"चौदा कसे?" ते म्हणाले. "नव्या शॉकअपसाठीच तं मी तीस हजार जास्त देऊन राह्यलो."

मग सेवादास सावकाश म्हणाला, "मंग शॉकअपची किंमत तीस झाली नं."

"मिस्त्रीनं चौदात बसवले थे," रामलालचा आवाज फाटला.

"कापूस कितीत पिकला थे व्यापारी इचारत नाही," बिजलीबाई म्हणाली. "कितीत इकला तेवढंच खरं."

"मंग काढून घ्या. आत्ता काढा. घाला घरोघर."

काढायला हरकत नव्हती. पण जुने भंगारात गेलेले. बिनशॉकअपची गाडी आपण एक चाळीसलाही घेणार नाही, ती ट्रॅक्टरवर टाकून न्यावी लागेल, असं किसनरावांनी नम्रपणे सांगितलं. रामलालला राग ठेवायला जागा उरली नाही. त्याने दात-ओठ खाऊन बंपरला लाथ घातली. गाडी एकदाच हलकेच डुलली आणि शांत उभी राहिली. शॉकअप खरोखर चांगले होते.

व्यवहार झाला. एक लाख चाळीस हजार रामलालच्या हातात, तीस हजार नायकाच्या. गाडी धूळ उडवत फाट्याकडे गेली आणि रामलाल मटकन ओट्यावर बसला. टेम्पो गेला होता.

"तुमी भाऊबंद नाही, वैरी हाय," तो म्हणाला. आता त्याला ओरडताही येत नव्हतं. "माहा टेम्पो खाल्ला तुमी."

"कितीनं कमी पडते?" नायकाने विचारलं.

"तीसनं. अजून कितीनं पडन?"

नायकाने सेवादासकडे पाहिलं, सेवादासने फुलचंदकडे. बिजलीबाईने नाक पुसून मान डोलावली. नायकाने नोटांचं बंडल उचललं आणि रामलालच्या मांडीवर ठेवलं.

"घे. तांड्याकडून."

रामलालचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांचा राग पाण्यात मीठ विरघळावं तसा गेला. सोनीबाई घाईने पुढे आली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, "नका घेऊ. माह्या गळ्याची शपथ, नका घेऊ." पण तोवर बंडल खिशात गेलं होतं आणि रामलाल सेवादासच्या गळ्यात पडला होता.

टेम्पो दसऱ्याच्या आधी आला. नायकाच्या बायकोने ओवाळला. आता हिशेब असा आहे. किसनरावांनी चौदा हजार आठशेच्या शॉकअपला तीस हजार मोजले आणि ते खुशीत आहेत. तांड्यातल्या प्रत्येक घराचे चारशेचे आठशे दहा झाले आणि टेम्पोत गेले. वरचे तीस रुपये उरले, त्यांचा नारळ फोडला. टेम्पो वर्गणीचा, म्हणून त्याचं भाडं कोणी देत नाही. हप्ता अकरा हजार दोनशेचा आहे, दर महिन्याच्या सात तारखेला. तो रामलाल भरतो.