डाळिंबाच्या सालीची वाटणी

निकाल पडद्यावर आला तेव्हा निशिगंधाने आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला. आकडे तेच राहिले.

आतड्याच्या जुनाट सुजेने हैराण झालेल्या निम्म्या रुग्णांना तिने डाळिंबाच्या सालीच्या अर्काची कॅप्सूल दिली होती आणि निम्म्यांना दिसायला अगदी तशीच, पण आत नुसतं कॉर्नफ्लोअर असलेली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं. आज यादी उघडली, तर कॉर्नफ्लोअरवालेही तितकेच ठणठणीत. त्यांच्या पोटात अर्कावर पोसणारे जंतूसुद्धा वाढले होते, आणि ते काही कॉर्नफ्लोअर खाऊन वाढत नाहीत.

सांगोल्याची ही मुलगी तीन वर्षं इंदूरभर फिरून लोकांची विष्ठा बर्फाच्या डब्यातून सिमरोलच्या प्रयोगशाळेत नेत होती. आता या निकालावर तिची नोकरी टिकायची होती. थकलेल्या अंगाने ती राजेंद्र नगरात बाबूरावांकडे गेली. कॉर्नफ्लोअरवाल्यांत सगळ्यात जास्त सुधारले होते ते हेच.

दुर्गाबाईंनी पोह्यांवर शेव घालून बशी पुढे केली.

"बाबूरावजी, खरं सांगा. काढा, चूर्ण, काही घेत होतात का?"

"छे हो मॅडमजी. सही करून दिली होती ना मी."

"म्हणजे फक्त मी दिलेली कॅप्सूल?"

"तुमचीच. मतलब, सगळ्यांचीच."

निशिगंधाचा चमचा बशीतच राहिला. "सगळ्यांची म्हणजे?"

"आपल्या पेशंट मंडळीतल्या पंचशीलला कॅप्सूल गिळता येत नाही. त्यानं फोडून दह्यात घातली, तर पांढरी आणि बेचव. कीर्तीताईंची फोडली, तर तपकिरी आणि तुरट. एकाला माल, दुसऱ्याला पीठ. असं कसं चालेल बरं?"

"मग?"

"मग काय, महूच्या फौजी स्टोअरात राशन वाटण्यात जिंदगी गेली माझी. दर महिन्याला तुम्ही डब्या दिल्या, की सगळे इथंच यायचे. एका पातेल्यात ओतायचं, हलवायचं आणि बराबर वाटून घ्यायचं. कुणाची तक्रार नाही."

"एका पातेल्यात," निशिगंधा म्हणाली.

"साफ असायचं हो पातेलं," दुर्गाबाई म्हणाल्या.

निशिगंधाला ओरडावंसं वाटलं, पण तेवढं त्राण उरलं नव्हतं. "अहो, काहींना पीठ द्यावंच लागतं. नाहीतर बरं औषधानं वाटलं की आपोआप, हे कळणार कसं?"

"पण वाटलं ना बरं? सगळ्यांनाच वाटलं."

तिच्या लक्षात आलं, पूर्वी हेच बाबूराव वाक्य अर्धवट टाकून आत पळायचे. नातीच्या लग्नालाही दाराजवळची खुर्ची धरून बसले होते. आज त्यांनी पोहे दोनदा घेतले आणि जागचे हलले नाहीत. तिला मनापासून आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचाच राग आला.

तिथूनच तिने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, श्रीपाद सरांना, फोन लावून सगळं सांगितलं. नोकरी राहील, सर म्हणाले. प्रयोग मात्र पहिल्यापासून, नवे रुग्ण घेऊन. म्हणजे पुन्हा तीन वर्षं तोच बर्फाचा डबा.

तिने बशी खाली ठेवली. "बाबूरावजी, आता नवे लोक येतील. प्रत्येकाला वेगळ्या दिवशी बोलावणार, वेगळ्या जागी. कोणाची कोणाशी ओळख होणार नाही."

"बरोबर आहे मॅडमजी," बाबूराव चष्मा लावत, मोबाईल हातात घेत म्हणाले. "बिचाऱ्यांना मग काही समजणारच नाही. नंबर तेवढे पाठवा, ग्रुपमध्ये घेतो."

दुर्गाबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "किती लोक आहेत या वेळी? ते पातेलं लहान पडतं."