काशीरामशेठच्या ग्लोव्हजमधली सदाफुली

वाचकहो, खेळाच्या जुन्या सामानातून बाग कशी फुलवावी, हे या अख्ख्या महाराष्ट्रात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगेना. म्हणून हा लेख. लेख आहे, गोष्ट नाही. साहित्य, कृती, टीप, सगळं शिस्तीत येईल.

साहित्य

पोतं एक. पोत्यात क्रिकेटच्या बॅटी तीन, त्यातली एक अर्धी. पॅडच्या दोन जोड्या. हेल्मेट. स्टंप पाच, सहावा कुणीतरी चुलीत घातला असावा. विकेटकीपरचे ग्लोव्हज, एक जोडी. बसलेले फुटबॉल, बॅडमिंटनची रॅकेट आणि मोजू नयेत इतकी शटलं.

पोतं कुठून आणावं? मला काशीरामशेठनी दिलं. आम्ही विचुंब्यात तळमजल्यावर राहतो. घरामागे खोलीएवढी बाग, बागेला कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे शेठचं शेत. भात कापलं की त्या शेताचं क्रिकेटचं मैदान होतं. शेठ एकेकाळी गावचे विकेटकीपर होते, आता अंपायर आहेत.

"घ्या सर," शेठ म्हणाले. "माळ्यावर उंदीर पॅड बांधून फिरतात. पन ग्लोज तेवढे जपा हां! बावीस वर्सं कीपिंग केली, एक कॅच सोडला नाय."

"एकही नाही?"

"मला नका विचारू. त्यांना विचारा!" शेठनी ग्लोव्हजकडे बोट दाखवलं. ग्लोव्हज काही बोलले नाहीत. थोर माणसं स्वतःबद्दल बोलत नाहीत.

कृती एक

हेल्मेट उलटं टांगून त्यात मनीप्लांट लावा. फुटबॉल अर्धे कापून कुंड्या करा. पॅड भिंतीला ठोकून मागे माती भरा आणि पुदिना लावा. चटणी वाढताना पाहुण्यांना सांगता येतं, "घ्या, एलबीडब्ल्यू चटणी!" दोन बॅटींचं बाकडं होतं. त्यावर तीन माणसं आरामात बसतात, फक्त दोघांनी उभं राहावं लागतं.

कृती दोन

रॅकेटच्या मागे आरसा चिकटवा. जाळी काढू नका, जाळीतच शोभा आहे. माझ्या बायकोने, भाविकाने, त्यात बघून टिकली लावली आणि विचारलं, "कुंदन, मला जामीन कधी मिळणार?"

शटलांची मी दिव्यांची माळ केली. दिवे लावले की खिडकीत कोंबड्यांचं संमेलन भरल्यासारखं वाटतं. ते भाविकाला आवडलं नाही. चावी धरायला, शेतातून आलेला टेनिस बॉल चिरून भिंतीवर लावला, तोही आवडला नाही. शेवटी तिने मला त्याच बॅटींच्या बाकड्यावर बसवलं.

"परसबाग स्पर्धेत नाव घातलंयस ना? रविवारी परीक्षक येणार ना?"

"अकरा वाजता!"

"बक्षीस मिळालं तर हे सगळं राहील. मी जन्मात एक शब्द बोलणार नाही. नाही मिळालं तर सोमवारी सकाळी भंगारवाला."

"पहिलं बक्षीस माझ्या खिशात आहे!"

"मग मिळव हात."

मिळवला. तिचा हात फार म्हणजे फारच शांत होता.

कृती तीन

आता मुख्य आकर्षण. तीन फुटांचा बांबू रोवा. त्यावर दोन्ही ग्लोव्हज ओंजळीसारखे वर उघडे करून बसवा, खाली भोकं पाडा, माती भरा आणि सदाफुली लावा. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की पृथ्वीच्या पोटात एक विकेटकीपर उभा आहे आणि तो आकाशाकडे अपील करतोय!

कृती चार

कृती चार जमली नाही. कारण रविवार उजाडला आणि त्याच रविवारी भिंतीपलीकडे क्रिकेट स्पर्धेची फायनल होती. विचुंबे विरुद्ध कोन गाव! लाउडस्पीकर, यूट्यूबवर लाइव्ह, मांडवात वाजवायला बेंजो पार्टी तयार. मी मात्र पावणेअकराला मनीप्लांटचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होतो. स्पीकर ओरडत होता:

"प्रेक्षकहो, शेवटचा चेंडू! विचुंब्याला जिंकायला हव्यात सहा धावा! समोर काशीरामशेठचा पुतण्या हरेश! अंपायर स्वतः काशीरामशेठ! बॉलर धावला... हरेशनं फिरवली... चेंडू हवेत! भिंतीवरून! कुंदन सरांच्या बागेत... आणि... आणि काय?"

टक! चेंडू हेल्मेटला लागला. मनीप्लांट हललं. तिथून चेंडू उडाला आणि, फस्स! सरळ सदाफुलीत. ग्लोव्हजच्या ओंजळीत, अंडं घरट्यात बसावं तसा.

पुढच्या क्षणी भिंतीवरून माणसं यायला लागली. पहिला कोनचा कॅप्टन दीपेश.

"आऊट! डायरेक्ट ग्लोजमदी! कोनी हात लावायचा नाय!"

मागोमाग बॅटीसकट हरेश. "आऊट कसला? भिंतीपलीकडं गेला की सिक्स! लोकल रूल हाय!"

त्यांच्यामागे दोन्ही संघ, आणि त्यांच्यामागे ज्यांचा काही संबंध नव्हता ते. एवढ्यात भाविका दारात येऊन कडाडली, "चपला बाहेर!" तीस-पस्तीस पुरुष जागच्या जागी थबकले, परत भिंतीवर चढले, बूट-चपला पलीकडे ठेवून पुन्हा उतरले आणि मग भांडायला लागले.

"बॉल जमिनीला लागला?" दीपेश.

"नाय."

"ग्लोजमदी हाय?"

"हाय. पन ग्लोज आमच्या गावचं! आमचं ग्लोज तुमच्यासाठी फिल्डिंग करंल काय?"

"मालकाला विचार, कोनाच्या बाजूनं लावलाय!"

सगळे माझ्याकडे वळले.

"सदाफुलीच्या बाजूने," मी म्हणालो. कुणालाच ते पटलं नाही.

हरेशने दुसरा मुद्दा काढला. "तुमचं अकरा फिल्डर मैदानात व्हतं. म्हंजे ह्यो बारावा! नो बॉल!"

"दहाच हायेत! आमचा एक हळदीला पळाला. मोज!"

तिथल्या तिथे कोनचे खेळाडू मोजले. अकरा भरले. हरेश नाचला. मग कळलं की अकरावा मी होतो. पुन्हा मोजले, दहा! आता कोनवाले नाचले, आणि त्यात माझी एक फुटबॉल-कुंडी शहीद झाली.

"सावकाश!" मी ओरडलो. "अकराला परीक्षक येणारेत! माझं बक्षीस..."

"थांबा वो सर! हितं गावाचा प्रश्न हाय!"

मग गर्दीतून एक अभ्यासू आवाज आला, "बॉल पैला हेल्मेटला लागलाय. हेल्मेटला लागला की पाच रन!"

"पाच म्हंजे टाय!"

"टाय कोनाला पायजे?"

कुणालाच नको होता. अभ्यासू माणसाला मागे ढकलण्यात आलं. स्पीकरवरून विनवण्या चालू होत्या, "प्रेक्षकहो, बागेतून अजून निर्णय आलेला नाही. बागेतल्या मंडळींनी लवकर कळवावं. लाइव्ह बघणारी मंडळी शिव्या लिहीत आहेत."

आणि मग पांढरी टोपी घातलेले काशीरामशेठ आले. गर्दी फाकली. शेठ ग्लोव्हजसमोर उभे राहिले. बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"बघा," ते हळूच म्हणाले. "अजून हात बसतोय त्यांचा."

"काका, सिक्स द्या!" हरेश म्हणाला.

"हरेश, तू माझ्या भावाचा पोरगा. तुला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली."

"मग द्या ना सिक्स!"

"पन ह्ये ग्लोज... बावीस वर्सं, बाळा. आणि आज, सोताहून, मानसाशिवाय..." शेठचं उजवं बोट वर जायला लागलं.

विचुंब्यात हाहाकार! बोट खांद्यापर्यंत आलं आणि चौघांनी ते हवेतच धरलं.

"काका, गाव हरंल!"

"गाव पुढच्या वर्सी जिंकंल! रेकॉर्ड परत येनार नाय! सोडा माजं बोट!"

आणि वाचकहो, नेमक्या त्या क्षणी फाटक वाजलं. हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद, गळ्यात भिंग. परीक्षक उदयसिंह सर! वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, खारघरहून खास आलेले.

"प्रवेशिका क्रमांक नऊ?" त्यांनी विचारलं. मग अनवाणी पस्तीस माणसं पाहिली. "ही मंडळी?"

"शेजारी," मी म्हणालो. "बागेवर फार जीव आहे त्यांचा."

माणसाला एका वाक्यात एवढं खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. पण सर खूश झाले! "वा! अनवाणी! रविवारी सकाळी! मातीबद्दल असा आदर मी पाहिला नाही!" आणि ते लिहू लागले. मी खांद्यावरून डोकावलो.

*रचना: दहापैकी नऊ.*
*कल्पकता: दहापैकी नऊ.*
*लोकसहभाग: दहापैकी दहा.*
*निचरा:*

अठ्ठावीस! तीसपैकी अठ्ठावीस! फक्त निचरा राहिला. मी भाविकाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. कोंबड्यांची माळ आयुष्यभर राहणार याची काळजी.

"उत्तम, उत्तम," सर म्हणाले. "कुंडीला खाली भोक असलं की झाड जगतं. तेवढं बघतो." आणि ते सदाफुलीकडे निघाले.

"हात लावू नका!" पस्तीस आवाज एकदम.

सर ताठ झाले. "मला? एकतीस वर्षं शिकवलंय मी!"

"सर, नको!" मी.

"सायेब, थांबा!" दीपेश.

"लावा सायेब, लावा!" हरेश. त्याच्या डोक्यात सर्वांत आधी प्रकाश पडला होता.

सरांनी दोन्ही ग्लोव्हज धरले, बांबूवरून वाकवले आणि खालचं भोक बघायला ओंजळ तिरकी केली.

चेंडू घरंगळला. दीपेशने सूर मारला. कसला सूर! थेट माझ्या कोथिंबिरीतून. चेंडू त्याच्या बोटांच्या टोकाला लागला, उडाला, आणि मातीत जाऊन बसला.

मग स्पीकर, भिंतीवर चढलेल्या कुणाच्या तरी इशाऱ्यावरून:

"सुटलाऽऽ! कॅच सुटलाऽऽ!"

सगळे शेठकडे बघू लागले. शेठ रिकाम्या ग्लोव्हजकडे बघत होते.

"सुटला?" ते पुटपुटले.

"त्या सायबांनी पाडला!" चिखलातून दीपेश. "भायेरच्या मानसानं!"

शेठनी मोठा श्वास घेतला. माणूस खरा अंपायर! "कोनाच्या हातून, ते अंपायर बघत नाय. ग्लोजमधून सुटला म्हंजे सुटला." आणि दोन्ही हात वर केले. सिक्स!

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. बेंजो. गुलाल. अर्धी बॅट कुणीतरी झेंड्यासारखी नाचवतंय. बाकड्यावर पाच जण, मग बाकडं नाही. आणि सगळ्यांच्या वर, चार खांद्यांवर, गुलालाने लाल झालेले उदयसिंह सर, भिंतीपलीकडे लांब लांब जाताना ओरडतायत, "निचरा! माझा निचरा लिहायचा राहिला!"

त्यांना गावभर मिरवलं. शेठच्या घरी मटण-भाकरी जेवायला घातली. गुणांचा कागद बेंजोवाल्याच्या पायाखाली गेला. उरलेल्या चौदा बागांचे मालक आपापल्या फाटकात संध्याकाळपर्यंत उभे होते. सातला संयोजकांचा निरोप आला: स्पर्धा रद्द.

टीप

इथे कृती संपते आणि नवरा-बायको सुरू होतात.

"बक्षीस मिळालं नाही," भाविका म्हणाली.

"हरलोही नाही! स्पर्धाच रद्द! पाऊस पडला की मॅचमध्ये काय करतात?"

ती विचारात पडली. दिवसभर तिने बरंच क्रिकेट ऐकलं होतं. "गुण वाटून घेतात?"

"बरोब्बर!" मी आनंदाने ओरडलो.

ते मी ओरडायला नको होतं.

सोमवारी दादू भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि भाविकाने सगळं निम्मंनिम्मं केलं. प्रत्येक जोडीतला एक पॅड त्याला. स्टंप अडीच; तिने खरंच कापून दिला. निम्म्या फुटबॉल-कुंड्या, शटलांची मात्र आख्खी माळ आणि एक ग्लोव्ह. मी शेठना विचारायला गेलो, कुठला देऊ?

शेठ अजून सावरले नव्हते. "कंच्या हातातून सुटला ते कळलं असतं, तर तोच दिला असता," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

महिन्याने फेरस्पर्धा झाली. मी अर्ध्या बागेसह नाव दिलं. पण परीक्षक उदयसिंह सरच! त्यांनी संयोजकांना लेखी कळवलं होतं, "विचुंबे सोडून कुठेही जाईन."

बक्षीस समारंभाला आम्ही दोघं गेलो. उत्तेजनार्थ झालं. तिसरं झालं. दुसरं झालं. पहिल्याला सरांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "पनवेल स्टेशनच्या रस्त्यावरचं भंगाराचं दुकान. दुकानाच्या दारात पॅडमध्ये पुदिना, फुटबॉलमध्ये झेंडू, ग्लोव्हमध्ये सदाफुली. दादू, या!"

दादू स्टेजवर गेला. चषक घेतला. आम्ही दिसताच त्याने तो आमच्याकडे बघून उंचावला. भाविका उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. मोठ्या मनाने वाजवल्या, अगदी परीक्षकांचा शेरा वाचून होईपर्यंत.

"विशेष उल्लेख," उदयसिंह सर म्हणाले. "निचरा! दहापैकी दहा!"

अहो, ती भोकं मी पाडली होती!