देफाच्या पोटावर शीहूचा उतारा

"तीन महिने! फक्त तीन महिने द्या, या म्हाताऱ्याचं पोट पाठीला लावून दाखवते!" सूझेनने दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला. टेबलावरचा चहा हिंदकळला. शेजारी बसलेल्या नवऱ्याचं, देफाचं पोटही हिंदकळलं.

डॉक्टर छ्यू वयाने तरुण होते, पण बोलायचे म्हाताऱ्यासारखे सावकाश. "काका, साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय, रक्तात चरबी वाढलीय आणि कंबर एकशे चार सेंटिमीटर. चार चोर एकदम एकाच घरात शिरलेत. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. गोळ्या घ्या, जेवण आवरा, रोज चाला."

"आणि तीन महिन्यांत आकडे उतरले नाहीत," शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी लीछिन म्हणाली, "तर तुम्ही दोघं वेनझोउ शहरात, माझ्याकडे. चौदाव्या मजल्यावर, माझ्या डोळ्यांसमोर. मग रडारड नको, आई."

सूझेनचा यानदांगच्या डोंगरात सारा जन्म गेलेला. उतारावर तिची औषधी शीहूची बाग, बागेच्या वर कडा, कड्यावर धुकं. चौदाव्या मजल्यावर बसून ती करणार काय? खालच्या गाड्या मोजणार?

"अगं, ज्या शीहूसाठी लोक कुठून कुठून येतात, तो माझ्या परसात उगवतो! गोळ्या खुशाल घेईल तो, पण बरा होईल शीहूनं!"

"गोळ्या बंद केल्या नाहीत म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाले.

आता शीहू म्हणजे ऑर्किडच, पण फुलदाणीतलं नव्हे. कड्याच्या कपारीत उगवणारं. त्याच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या निखाऱ्यांच्या उबेवर मऊ करून त्यांची वेटोळी वळायची. हे काम सूझेन सातव्या वर्षापासून करत होती. तेव्हा बागा नव्हत्या. तिचे वडील कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचे आणि वर दोर धरून बसलेली आई तेवढा वेळ एक शब्द बोलायची नाही. ते मुकेपण सूझेनला अजून आठवे.

पण एक गोष्ट मात्र काही केल्या आठवेना. घरात कुणी शीहू खाल्ल्याची! तो विकायचा माल. वळणाऱ्यांनी बोटं चाटायची, एवढंच. मग हे औषध घ्यायचं कसं?

दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिला एकदम गिरणीवाल्यांच्या आजीबाई आठवल्या. लहानपणी माल पोचवायला गेली की त्यांच्या स्वयंपाकघरात ती डोळे भरून बघायची. सकाळी शीहूचा रस खडीसाखर घालून. दुपारी शीहू आणि म्हातारं, चांगलं चरबीदार बदक, मंद आचेवर चार तास. वर सुकवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा. आणि आजीबाई जगल्या किती? ब्याण्णव वर्षं!

"ठरलं!" सूझेन म्हणाली आणि बदक आणायला गेली.

जन्मभर औषध म्हटलं की पळून जाणारा देफा एका आठवड्यात गावातला सर्वांत आज्ञाधारक रोगी झाला. दुपारी बारालाच वाडगा घेऊन हजर!

"म्हातारे, औषधाची वेळ झाली."

"आत्ताच तर घेतलंस!"

"तो पहिला डोस. डॉक्टर म्हणालेत, हयगय करायची नाही."

सूझेनही बरोबर बसे. औषधाची चव बघायला नको? एकदा बघून कळत नसे, म्हणून ती दोनतीनदा बघे.

तेवढ्यात गावात बातमी फुटली की सूझेनने यंदाचा पहिल्या प्रतीचा शीहू विकलाच नाही, नवऱ्यासाठी ठेवलाय. म्हणजे देफा जाण्याच्या वाटेवर! रोग्याला रिकाम्या हाताने कोण भेटतं? शेजारची आफेन डोळे पुसत आली, काखेत कोंबडी.

"देफाभाऊ, कसं वाटतंय?"

"अशक्तपणा फार," देफा कोंबडीकडे बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंडी आली. तिसऱ्या दिवशी डुकराचे पाय. सूझेनने सगळं शीहूबरोबर शिजवलं. औषध वाया कसं घालवणार?

दर रविवारी सूझेन कंबर मोजायला एक लाल फीत देफाच्या पोटाभोवती गुंडाळून गाठ मारी. पाचव्या रविवारी फितीची टोकं एकमेकांना भेटेनात.

"धुतल्यावर आटली वाटतं ही," ती म्हणाली.

"स्वस्तातली असेल," देफाने दुजोरा दिला.

सातव्या रविवारी मात्र तिला खरी काळजी वाटली. शीहूचा गुण येत नाही म्हणजे डोस कमी पडतोय! तिने डोस दुप्पट केला. एकाच्या जागी दोन बदकं!

तीन महिने संपले. लीछिन येऊन दोघांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी टेप लावला, काढला, पुन्हा लावला.

"एकशे नऊ."

"टेप धुतला होता का?" सूझेनने विचारलं.

साखर वर, चरबी वर. डॉक्टरांनी चष्मा काढला. "काकू, शीहू कसा देत होता?"

सूझेनने मान ताठ करून सगळी कृती सांगितली. खडीसाखर, बदक, चार तास, मंद आच. बाहेर बाकावर बसलेल्या दोघीतिघी दारात येऊन ऐकू लागल्या. डॉक्टरांच्याही तोंडाला पाणी सुटलं.

"काकू, त्या आजीबाई दिसायला कशा होत्या?"

"काडीसारख्या! वारा आला की धरून ठेवावं लागे."

"तेच! तेव्हा आजारी म्हणजे वाळलेला माणूस. त्याला भरवायचं असे. तुम्ही भरलेल्या पोत्यात आणखी भात ओतलात! आता या, तुमचीही कंबर मोजू."

"माझी कशाला?" सूझेन म्हणाली, पण टेप आला होता. त्र्याण्णव.

"चला वेनझोउला," लीछिन म्हणाली. "दोघंही!"

सूझेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पोरी, या दिवसांत बाग सोडून कुठं जाऊ गं? नव्या कांड्या फुटल्यात." शेवटी डॉक्टरच मध्ये पडले. गोळ्या चालू ठेवायच्या, दोघांनी रोज दोनदा बागेचा चढ चढायचा, बदक बंद, खडीसाखर बंद. शीहू हवाच असेल तर नुसत्या पाण्यात उकळून. लीछिनने आणखी तीन महिने दिले. सूझेनने डॉक्टरांचे हात धरले. बाग राहिली! डोंगर राहिला!

घरी येताच तिने शीहू पाण्यात उकळला. लीछिनसमोर देफापुढे वाडगा ठेवला. देफाने एक घोट घेतला. गिळगिळीत, बेचव, कोमट. शिळ्या पेजेत गोगलगाय बुडवावी तसं.

"लीछिन," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे स्वयंपाक जावईबापूच करतात ना? मीठ तरी घालतात ना गं? मी येतो वेनझोउला."

"लाज नाही वाटत!" सूझेन कडाडली. "दोन घोटांना घाबरून डोंगर सोडतोस? माझ्या बापानं यासाठी जीव टांगला कड्यावर! बघ, असं प्यायचं!"

तिने वाडगा उचलला आणि मोठा घोट घेतला. मग तो तोंडात तसाच धरून बराच वेळ खिडकीतून कड्याकडे बघत राहिली. गिळायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"लीछिन," शेवटी ती म्हणाली, "वेनझोउची गाडी किती वाजता सुटते गं?"