पुढच्या सीटवरून घाट

हेडक्लार्कांनी दोघांची सायकल भाड्याने आणली, ती बायकोला न विचारता. (विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. ऑफिसात केस पांढरे केले की माणसाला एवढी अक्कल येतेच.) लांबलचक सायकल, दोन सीटा, पेडलांच्या दोन जोड्या. पुढचा माणूस हँडल धरणार, आणि मागच्याने त्याची पाठ बघत पेडलं मारायची. पुढे कोण बसणार हा प्रश्न हेडक्लार्कांच्या मनात आलाच नाही.

बायको घरीच कपडे शिवायची. सकाळी कामं उरकून ती पायमशीनवर बसली की दिवे लागेपर्यंत घरघर चालू. इतकं बसून बसून तिचे पाय आखडलेत, असं हेडक्लार्कांचं ठाम मत होतं. माणसाने जरा हालचाल करावी, असं ते आरामखुर्चीत पडल्या पडल्या तिला रोज सांगत. शेवटी सायकल दारात आली त्या संध्याकाळी तिने दोरा तोडला आणि मान वर केली.

"एक रविवार येते," ती म्हणाली. "बरं वाटलं तर दर महिन्याला येईन. नाही वाटलं, तर पुन्हा माझ्या मशीनबद्दल अवाक्षर काढायचं नाही."

आता खरं सांगायचं तर हेडक्लार्कांना तिच्या पायांची काळजी वगैरे काही नव्हती. लेकीचं लग्न झाल्यापासून घरात दोघंच उरले होते, आणि दोघांच्या मध्ये ती मशीन. बायकोने आपल्याबरोबर कुठेतरी यावं, असं त्यांना फार वाटायचं. पण "तू बरोबर ये ना," एवढं साधं वाक्य काही त्यांच्या तोंडून निघत नसे. म्हणून ते व्यायामावर भाषण देत.

रविवारी उजाडताच मागे सामान बांधून दोघं निघाले. सपाटीवरची दोन गावं हसतखेळत मागे पडली. गावातली कुत्री मागे लागली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, हेडक्लार्कांनी पुढाऱ्यासारखा हात हलवला. पायथ्याचं गाव सोडलं आणि घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर हेडक्लार्क मागे न बघता, चढावर श्वास कसा घ्यावा हे समजावून सांगत होते (वाचलेलं होतं सगळं), आणि तेवढ्यात त्यांचे पाय एकदम हलके झाले.

पेडलं लोण्यात फिरावीत तशी फिरायला लागली. सायकलवाला म्हणालाच होता, बरोबर गिअर पडला की चढ कळतसुद्धा नाही. हेडक्लार्कांना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं फायलींमध्ये घालवली. कपाळावर घामाचा थेंब नाही, छातीत धाप नाही. मागून मात्र बायकोचा श्वास भात्यासारखा ऐकू येत होता.

त्यांना तिची दया आली. दमली असशील तर पाय थांबव, मी एकटा ओढतो, असं ते म्हणाले. पुढच्या वळणावर म्हणाले, बघ, बसून काम करण्याचे हे परिणाम. त्याच्या पुढच्या वळणावर त्यांनी शीळ घातली. उलट बोलायला बायकोकडे श्वास नव्हता, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

माथ्यावर एक लहानसं गाव होतं आणि त्याचा बाजाररस्ताही चढाचाच. न्हाव्याच्या दुकानाबाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याने कौतुकाने विचारलं, दोघं मिळून घाट चढवलात का?

"दोघं कुठले," हेडक्लार्क हसून म्हणाले. "ओढतोय मीच. ही आपली सोबतीला."

त्याबरोबर बायकोने दोन्ही पाय पेडलांवरून उचलले.

सायकल जागच्या जागी थांबली. मग मागे जायला लागली. हेडक्लार्क जीव खाऊन पेडल मारत होते. पाय पुढे, सायकल मागे. जितके जोरात मारावेत तितकी ती जोरात मागे चालली. ब्रेक आपल्याच हातात आहेत हे ते साफ विसरले. न्हाव्याचं दुकान पुन्हा एकदा गेलं, म्हातारा पुन्हा एकदा गेला, आणि सायकल एका दुकानाबाहेर रचलेल्या गाद्यांमध्ये जाऊन रुतली. बायको कपडे झटकून शांतपणे उतरली.

हेडक्लार्कांनी गादीवर पडल्या पडल्या पुढच्या पेडलला हात लावला. ते भिरभिऱ्यासारखं गरगर फिरत राहिलं. बाकी काहीच हललं नाही. पुढची पेडलं मागच्यांना जोडणारी चेनच जागेवर नव्हती.

म्हणजे आख्खा घाट तिने एकटीने चढवला होता. तिने सायकल ओढली, सामान ओढलं, आणि शीळ घालणारे हेडक्लार्कही ओढले. घाटात आपण काय काय बोललो ते त्यांना ओळीने आठवायला लागलं, आणि कान तापले. सगळा बाजार हसत होता, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. बायको हसत नव्हती, त्याने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पुढचे सगळे रविवार गेले, आणि ते आपल्याच तोंडाने गेले.

चहाच्या दुकानात तिच्यासमोर बसायचं धैर्य होईना. बाकाच्या टोकाशी टेकून ते कपाकडे बघत म्हणाले, "चुकलं माझं. तू बरोबर यावंस, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं उगाच बोललो."

ती चहा पीत राहिली. मग म्हणाली, "चेन पडताना पाहिली मी. पहिल्याच वळणावर."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने उरलेला चहा बशीत ओतला. हेडक्लार्कांनी खाली बघतच विचारलं, "पुन्हा येशील का?"

"येईन की," ती म्हणाली. "दर महिन्याला येईन. फक्त ती चेन तेवढी बसवू नका."

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. ते बाकावर जरा सरकून तिच्याजवळ बसले. "का गं?"

"ती होती तोवर तुमचे पायसुद्धा मीच फिरवत होते."